नाकाची भागी

॥ श्री ॥

सांगली, ता. ९ जून १९४७

ती. सौ. अक्कास,
विष्णूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला. रागावू नकोस, आणि रागावलीसच तर सोबतच्या डब्या उघडेपर्यंतच रागाव. नव्या पत्र्याच्या डब्या आहेत, झाकणावर आपला बगळा छापून घेतला आहे. भावोजींना म्हणावं, चिमूट बेतानं ओढा. मागल्या खेपेला शिंकेसरशी चहाची बशी गेली होती.

धंदा देवाच्या दयेनं वाढतो आहे. तेरा वर्षांपूर्वी परसात उखळ मांडून कुटलेली आपली बगळा छाप तपकीर आता खंडाळ्यापर्यंत पोचली. माण तालुक्यातली गिरणीत कामाला जाणारी माणसं ट्रंकेतून डब्या मुंबईला नेतात आणि तिकडचे दुकानदार आम्हांला पत्रं घालतात. पण वाढत्या धंद्याला कागद लागतो. सरकारनं तंबाखूवर कर बसवल्यापासून संस्थानातला माल तुमच्या साताऱ्याच्या हद्दीत न्यायचा तर परवाना हवा. तो मागायला गेलं की कारकून विचारतो, कंपनी कोणाची, भागीदार कोण, दस्त कुठं आहे? दस्त मुळी नाहीच. माझा आणि नानासोंचा सगळा व्यवहार तोंडी.

एका व्यापाऱ्यानं सुचवलं, मुंबईचा सॉलिसिटर धरा. नानासोंचं म्हणणं, गावातलाच एखादा परका वकील गाठावा, त्याचे पैसे टाकावेत आणि मोकळं व्हावं. पण अक्का, घरात वकील असताना बाहेर कशाला जायचं? आपले मधुकरराव साताऱ्याला वकिली करतात, चारूचा नवरा म्हणजे मुलासारखेच. तुझं काय मत आहे ते सविस्तर लिही. तुला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही.

कळावे. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

तुझा,
विष्णू

॥ श्री ॥

सातारा, ता. १४ जून १९४७

चि. विष्णूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

डब्या पोचल्या. इकडच्या स्वारीनं पहिल्याच चिमटीला अकरा शिंका दिल्या आणि माल उत्तम असल्याचं जाहीर केलं.

आता कामाचं. जावयाला वकील करू नकोस. अरे, वकील कसा हवा? ज्याला पैसे देता येतात आणि ज्याला खडसावता येतं असा. जावयाला तू पैसे कसे देणार? आणि खडसावणं तर सोडच, त्यानं पुढं केलेला कागद वाचायला तू चष्मा काढलास तरी तुझी बायको डोळे वटारील, की जावयावर भरवसा नाही का? मग तो कागद वाचणार कोण?

हे स्थळ मीच आणलं, कबूल आहे. तेव्हा गोरा रंग बघितला आणि एलएल.बी. बघितलं. परवा चारूला लोणचं द्यायला गेले होते. ओटीवर दहिवडीकडचा एक म्हातारा धनगर उभा, कज्ज्याचा कागद सोग्यात गुंडाळलेला. तुझे जावईबापू आरामखुर्चीत बसून पायाची नखं कापत होते. तुकडे उडत होते ते त्या म्हाताऱ्याच्या पायाशी. तो बिचारा एक एक पाऊल मागं घेत होता, आणि ह्याला त्याचं काही नाही! मला अशी किळस आली की चहा न घेता उठले.

तुमच्या पेठेत बाबगोंडा वकील आहेत ना? तोंडानं फटकळ, पण कामाला चोख. त्यांना पैसे दे आणि उशीर झाला तर तोंडावर बोल. आणि कागद होईल तेव्हा पहिल्या ओळीत तुझं नाव आणि दुसऱ्या ओळीत नानासोंचं. अर्धी अर्धी भागी. तंबाखूच्या पेंढीवर हात ठेवून तू ती कबूल केलीस, तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी आले होते आणि स्वैपाकघराच्या दारात उभी होते.

कळावे. लोभ असू दे, आणि थोडी अक्कलही असू दे.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

सांगली, ता. २ जुलै १९४७

ती. सौ. अक्कास,
विष्णूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, पण एक दिवस उशिरा. आदल्याच दिवशी मधुकररावांना वकीलपत्र देऊन बसलो होतो. आता मागं घेणं म्हणजे जावयाचा अपमान. तू म्हणशील आ बैल मला मार, पण तसं काही होणार नाही. ते फार हुशार आहेत.

गेल्या आठवड्यात दोन दिवस येऊन राहिले. वखार पाहिली. मी त्यांना नानासोंचं सगळं कौतुक सांगितलं. पानांची पेंढी नाकाशी नेली की ती कुठल्या शेतातली, तिनं किती दव खाल्लं आणि कुठल्या ढिगात जायची, हे ते एका श्वासात सांगतात. त्या नाकासाठी दुपारपर्यंत कांदा खात नाहीत आणि स्वतः तपकिरीला शिवत नाहीत. तेरा वर्षांत आपल्या डबीचा वास एकदाही बदलला नाही तो त्यांच्यामुळं. मधुकरराव हसले. म्हणाले, नाक हे भांडवल म्हणून दस्तात दाखवता येत नाही. मग विचारत गेले, जागा कोणाची, चक्की कोणाची, डबीवरचा बगळा कोणी काढवला? सगळं माझंच निघालं. गंमतच वाटली.

तेव्हा नानासो पलीकडे पेंढ्या लावत होते. त्यांनी ऐकलं असावं, तरी पेंढ्या लावतच राहिले. मनानं फार मोठा माणूस.

अठरा तारखेपासून अधिक महिना लागतो. चारू आणि मधुकरराव वाणाला येतील. ही आतापासून अनारशांच्या पिठाच्या मागं लागली आहे.

कळावे. राग गिळून लोभ ठेवावा.

तुझा,
विष्णू

॥ श्री ॥

सांगली, ता. ५ ऑगस्ट १९४७

ती. सौ. आत्यास,
चारूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्या, हे पत्र तू एकटीनंच वाच. मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा रविवारी आमचं वाण झालं. आईनं तेहतीस अनारसे तळले, चांदीच्या ताटात मांडले, मधे निरांजन लावलं. शेजारपाजारच्या बायका, दुकानातली माणसं, सगळे जमले होते. नानासोकाकाही बायकोला, चंद्राबाईंना, घेऊन आले होते. हे पाटावर बसले. बाबांनी ताट पुढं केलं तर हे म्हणाले की ताट नको, मला वाण म्हणून तुमची सही द्या. आणि खिशातून दस्त काढून अनारशांवर ठेवला. सगळे हसले. केवढा निरिच्छ जावई म्हणून बायका आईकडं बघायला लागल्या. बाबांनी चष्मासुद्धा मागितला नाही, सही केली. मग ह्यांनी मला बोलावलं, बोट ठेवून दाखवलं आणि इथं कर म्हणाले. मी केली. शेवटी नानासोकाकांना म्हणाले की तुम्ही घरातले जुने माणूस, साक्षीदार तुम्हीच. त्यांना केवढा आनंद झाला, आत्या! धोतराला हात पुसून त्यांनी अक्षर लावून लावून सही केली.

काल ह्यांची बॅग भरताना दस्त हाती आला. इंग्रजीत आहे, पण तुझ्याकडं राहून मॅट्रिक झालेय, एवढं वाचता येतं. कंपनीचे भागीदार दोन, बाबा आणि मी. ह्यांना वकील असल्यामुळं धंद्यात पडता येत नाही, म्हणून माझं नाव. आणि पाचव्या कलमात नानासोकाका, पगारी नोकर. त्याखाली साक्षीदार म्हणून त्यांचीच सही. मी रात्रीच त्याची नक्कल उतरवून ठेवली.

हे आज दस्त घेऊन साताऱ्याला गेले. आईला बरं वाटत नाही म्हणून मी नागपंचमीपर्यंत इथं आहे. सोमवारी, अठरा तारखेला, कागद परवान्याच्या कचेरीत जाईल. त्याआधी काही करता येईल का? नानासोकाका आज सकाळी मला म्हणाले की पोरी, आता कागद झाला, आमची चिंता मिटली. मला तोंड वर करता आलं नाही.

कळावे. भाचीवर माया आहे ती असू दे.

तुझी,
चारू

॥ श्री ॥

सातारा, ता. ८ ऑगस्ट १९४७

चि. विष्णूस,
आशीर्वाद.

आज मी जेवले नाही. पान वाढून घेतलं आणि तुझ्या त्या अनारशांच्या ताटाची आठवण येऊन ढकलून दिलं.

शी रे, शी! काय केलंस हे? दस्तात काय आहे ते मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. ज्याचं कापायचं त्याच्याच हातात सुरी दिलीत, आणि वर त्याला म्हणालात की जरा धर. नानासोंची भागी काढून घेतलीत त्या कागदावर नानासोंचीच साक्ष! दरोडेखोरसुद्धा घरमालकाला पोतं धरायला सांगत नाहीत.

अधिकात माणसं साधी केरसुणी नवी घेत नाहीत. तू रोज पोथी वाचणारा, आणि मलमासात दस्त करतोस? देवाचं वाण आणि त्यात हे शेण! तुझ्या जावयाला मी पुरती ओळखते, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात. पण तू कुठं होतास? नानासो नसते तर तू आज कुठल्या तरी पेढीवर कारकुनी करत असतास. पहिल्या वर्षी तुझ्या हातची तपकीर ओढून इकडच्या स्वारीच्या नाकातून रक्त आलं होतं, विसरलास? वाळव्याकडून तंबाखूची गाडी घेऊन तो माणूस आला, तुझा ढीग नाकाला लावला आणि अर्धा ओढ्यात टाकायला लावला. तेव्हापासून धंदा धंदा झाला.

जावई म्हणजे दहावा ग्रह, हे मला शिकवू नकोस. ग्रहाची शांत करतात, त्याला घर लिहून देत नाहीत. अठरा तारखेच्या आत कागद परत माग. मागता येत नसेल तर मला लिही, मी त्याच्या ओटीवर जाऊन मागते. मला लाज वाटत नाही.

कळावे. लोभ कागद परत आल्यावर.

अक्का

॥ श्री ॥

सांगली, ता. १३ ऑगस्ट १९४७

ती. सौ. अक्कास,
विष्णूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला दस्तात काय आहे ते खरंच ठाऊक नव्हतं. इतक्या मंडळींत जावयासमोर कागद वाचत बसणं शोभलं असतं का, तूच सांग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला आहे माझा.

तरी मी मधुकररावांना लिहून पाहिलं. त्यांचं उत्तर असं की बदल केला तर परवाना वर्षभर लांबेल. नानासोंचं नुकसान काहीच नाही, त्यांना जन्मभर पगार आहे आणि दिवाळीला धोतरजोडी. शिवाय ही म्हणते, फार ताणू नका, आपल्या पोरीला त्या घरी नांदायचं आहे. मी मधल्यामधे काय करू? तू त्यांच्या ओटीवर जाऊ नकोस, हात जोडून सांगतो. चारूचे हाल होतील.

परवा स्वातंत्र्याचा दिवस. संस्थानातही मोठा समारंभ आहे. दुकानाला तोरण बांधायचं काम नानासोंनी आपण होऊन अंगावर घेतलं आहे. त्यांच्या मनात काही नाही. तू उगीच मनाला लावून घेतेस.

कळावे. माझी अडचण ओळखून लोभ ठेवावा.

तुझा,
विष्णू

॥ श्री ॥

सांगली, ता. २३ ऑगस्ट १९४७

ती. सौ. आत्यास,
चारूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझ्यापायी तू ह्यांच्या ओटीवर गेली नाहीस ते बाबांनी सांगितलं. कागद सोमवारी कचेरीत गेलाही. पण मी लिहिते आहे ते वेगळंच.

काल बाबांनी मला पेटीतून टपालाची तिकिटं काढायला सांगितलं. तिकिटांखाली ह्यांचं पत्र होतं. अक्षर ओळखीचं म्हणून हाती घेतलं, आणि तारीख बघून वाचलं. तारीख होती चार जून. आत्या, जून! मी जशीच्या तशी नक्कल करते आहे.

"आपले २ तारखेचे पत्र मिळाले. नानासोंचे नाव दस्तात आपणांस नको आहे, परंतु तेरा वर्षांच्या सहवासामुळे त्यांस तोंडाने सांगणे जड जाते, हे ध्यानात आले. चिंता नसावी. अपयश माझ्या माथी मारावे. जावयाला कोणी बोलत नाही. सही समारंभात करू, म्हणजे आपणांस वाचण्याचा प्रसंग येणार नाही. साताऱ्यास आत्याबाईंना मात्र आधी एक पत्र टाकून सल्ला विचारावा, म्हणजे मागाहून त्यांस बोलायला जागा उरणार नाही."

बाबांनी तुला विचारलं ते हे पत्र आल्यावर. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं. इतके दिवस मी ह्यांचाच तिटकारा करत होते, आणि बाबांची कीव. पाटावर बसलेले आणि ताट पुढं करणारे, दोघंही मला आता सारखेच दिसतात. माझ्या सहीची मला इतकी घाण वाटते की हात राखेनं घासला.

ते पत्र आणि दस्ताची माझ्याकडची नक्कल घेऊन मी सरळ वखारीत गेले. नानासोकाका चाळत बसले होते. दोन्ही कागद मी त्यांना मराठीत वाचून दाखवले. शेवटी म्हणाले की माझी सही कुठं हाय ती दाव. नकलेत साक्षीदाराच्या जागी मी उतरवलेलं त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी चाळण उताणी ठेवली, अंगरखा घातला आणि बाबांच्या खोलीत गेले. आत काय झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आले ते सरळ घरी गेले.

ह्यांचं पत्र मी बाबांना परत दिलेलं नाही. ते माझ्याकडं आहे. उद्या मी साताऱ्याला निघते आहे, पण आधी तुझ्याकडं उतरेन.

कळावे. मला घरात घेशील ना?

तुझी,
चारू

॥ श्री ॥

इस्लामपूर, ता. ११ सप्टेंबर १९४७

सौ. अक्का यांस,
नानासोचा रामराम.

पत्र थोरल्या लेकीच्या हातचं हाय. आमचं अक्षर सहीपुरतं, आन् ती बी करू नये ती केली.

आवं अक्का, तुमी जेवायला या म्हनून सांगावा धाडला. आलो न्हाई, राग मानू नगा. चोरी दुसऱ्यानं केली आन् तोंड दावायची लाज मला वाटती, ह्ये कसं काय ते देवालाच ठावं. त्या दिशी किती आनंदानं सही केली मी! चंद्राबाईला म्हनलो, बघ, वकीलसायबानं मला साक्षीदार केलं. आपल्याच तेराव्याला जेवून वर इडा खाऊन आलो.

चारूताईनं वाचून दावल्यावर विष्णूपंतांकडं गेलो. म्हनलो, पंत, माझं नाव नगं व्हतं तर मला सांगायचं. म्या गपगुमान गाडी जुपली असती. पंत म्हनले, जावयानं केलं, माझ्या हातात काय न्हाई. म्हनलो, तुमी दोन जूनला पत्र लिवलं त्येचं उत्तर वाचलंय म्या. तवा त्येंनी डबी काढली आन् माझ्यासमोर चिमूट वडली. तेरा वर्सांत कवा माझ्यापुढं वडली न्हवती, माझ्या नाकाला तरास नगं म्हनून. तितंच समजलो आन् उठलो.

हितं मेव्हन्याच्या परड्यात चार पेंढ्या टाकल्यात. तंबाखू वळखायचं काम कुटं बी मिळंल, पोटाचं भ्या न्हाई. पर माझी भागी व्हती ह्ये खरं का खोटं, येवढं कुनी तरी सांगाया पायजे. बाबगोंडा वकिलाकडं जाऊन आलो. आदी लय शिव्या दिल्या, मग म्हनला, तोंडी भागी बी भागीच असती, पर पेंढीवर हात ठेवला तवा बघनारं मानूस लागंल.

अक्का, त्या दिशी दारात तुमी व्हता. भावाच्या इरुद्द बोला, असं मी म्हननार न्हाई. माझी जीभ तशी वळत न्हाई. नुसतं कळवतो.

तुमची माया हाय तशी ऱ्हाऊ द्या.

नानासो

॥ श्री ॥

सांगली, ता. १ नोव्हेंबर १९४७

ती. सौ. अक्कास,
विष्णूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दोन महिन्यांत तुझं एकही पत्र नाही. माझ्याकडून तीन गेली. चारूही माहेरी काही लिहीत नाही. मधुकररावांचं पत्र आहे, की ती घरात त्यांच्याशी बोलत नाही. समजावून सांग तिला.

धंद्याचं काय सांगू? नवी दोन माणसं ठेवली आहेत. दोघंही कांदा खाऊन येतात आणि सगळ्या पेंढ्या एकाच ढिगात टाकतात. वाईच्या दुकानदारानं डब्या परत केल्या, वास कुबट येतो म्हणून. चालायचंच, सुरुवातीला अडचणी येतात. पण नानासोंनी बाबगोंडा वकिलामार्फत नोटीस दिली आहे. ज्याला तेरा वर्षं जवळ बसवलं त्यानं नोटीस द्यावी! मला फार वाईट वाटलं.

म्हणून एक लहानसं काम. सोबत एक कागद पाठवला आहे, मधुकररावांनीच टाइप करून घेतला आहे. नानासो पहिल्यापासून पगारावर होते आणि भागीची बोली कधी झाली नाही, एवढाच मजकूर. इंग्रजीत आहे, तुला वाचायची तसदी नको. फुली केली आहे तिथं सही कर. तेव्हा हजर असलेली तू एकटीच आहेस, त्यामुळं तुझ्या शब्दाला वजन आहे.

मी बीजेला नेहमीप्रमाणे येतोच. ओवाळणीत यंदा पैठणी घालायचं हिनं ठरवलं आहे, रंग आधीच कळव. कागद तयार ठेव म्हणजे परतताना घेऊन जाईन.

कळावे. रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं, लोभ असावा.

तुझा,
विष्णू

॥ श्री ॥

सातारा, ता. १५ नोव्हेंबर १९४७

विष्णूस,

सणाच्या दिवशी तुला हे कळू नये म्हणून बीज होईपर्यंत थांबले. येऊ नकोस एवढंच कार्ड आधी टाकलं होतं.

तुझा तो फुली केलेला कागद चारूनं मला वाचून दाखवला. त्याला हात लावून मी दोनदा हात धुतले. मग त्याच्या पाठीमागं मराठीत लिहिलं. १९३४ साली माघात, सकाळची वेळ, परसात उखळाशेजारी, विष्णूनं तंबाखूच्या पेंढीवर हात ठेवून अर्धी भागी कबूल केली, ती मी डोळ्यांनी पाहिली आणि कानांनी ऐकली. लिहिलं ते पुन्हा वाचलं, आणि मग खाली सही केली.

सात तारखेला मी सांगलीला येऊन गेले. बाबगोंडा वकिलांसमोर जबानी दिली आणि हा कागद त्यांच्या हाती दिला. चारूनं चार जूनचं ते पत्रही दिलं. ती माझ्याबरोबरच होती, आणि सध्या माझ्याकडंच राहते आहे. तिचा नवरा दोनदा न्यायला आला. तिनं त्याला सांगितलं की दस्तातलं माझं नाव आधी काढ, मग बोलू. तू माझा सल्ला विचारला होतास ना? विचारल्याचं नाटक केलं होतंस. पण मी खराच दिला होता. परका वकील धर म्हटलं होतं, तो नानासोंनी धरला. मोठा खाष्ट माणूस आहे. लिहून घेण्याआधी मला तीनदा विचारलं, की भाऊ आहे ना तो तुमचा, शुद्धीवर आहात ना?

परतताना टांगा तुझ्या दारावरून गेला. तू ओटीवर बसला होतास. अशक्त दिसलास. उतरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? लहानपणी माझ्या परकराला धरून हिंडणारा तू. पण जावयाच्या पाठीमागं लपून माणसाचा गळा कापणारा तूच, हे आठवलं. टांगेवाल्याला चल म्हटलं.

नानासोंना बीजेला बोलावलं होतं. ते आले नाहीत. बहीणभावाच्या मधल्या पाटावर मी बसणार नाही, असा निरोप चंद्राबाईंकडून आला. तुझ्यापेक्षा त्यांनाच आपल्या नात्याची जास्त चाड.

भाऊ नसलेल्या बायका बीजेला चंद्राला ओवाळतात. काल संध्याकाळी मी ताट घेऊन गच्चीवर गेले.

कळावे.

लीलाबाई